वरून पडणारं वजन

३ फेब्रुवारी

ताई,

पाकीट बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी बोलायला लागलो की तू मध्येच तोडतेस, आणि तू बोलायला लागलीस की मी फोन ठेवतो. कागदावर या दोन्ही सोयी नाहीत.

काम आहे. होय, कामाशिवाय मी लिहीत नाही. मीच म्हणून टाकलं, आता तुझा एक टोमणा वाचला.

व्यायामशाळा झकास चाललीय. पहिला मजला अख्खा माझ्याकडे. एका भिंतीला आरसे, समोरच्या भिंतीलगत वजन उचलायचा चौथरा, आणि त्याच्या शेजारी मी स्वतःच्या हातांनी बांधलेली न्हाणी. शॉवरसकट. नळवाल्याला बोलावलंसुद्धा नाही. बघशील तर तोंडात बोट घालशील.

अडचण एकच आहे आणि ती खाली राहते. म्हणजे राहत नाही, दवाखाना आहे तिचा. दातांची डॉक्टरीण. आमची पोरं बारबेल डोक्यावर नेतात आणि सोडतात. सोडणारच ना? डोक्यावर घेऊन घरी जातील का? तर हिचं म्हणणं, वर दणका बसला की खाली तिच्या हातातलं यंत्र पेशंटच्या जिभेकडे वळतं. परवा म्हणे एक गृहस्थ भूल न देताच बेशुद्ध पडले. मी म्हटलं, मग तुमची भूल वाचली. तिला विनोद कळत नाही.

तिने मालकीणबाईंकडे तक्रार केली. मालकीणबाई म्हणतात, मजला लाकडी आहे, जुना आहे, तो दणके सोसतो असं एखाद्या जाणकाराकडून लिहून आण, नाहीतर जागा खाली कर. जाणकार म्हटल्यावर मला तू आठवलीस. मावशीच्या घरी तूच मला म्हणाली होतीस की लाकूड एकदम बसलेला मार जास्त सोसतं. तेवढंच लिही. दोन ओळी, खाली सही, त्याखाली प्रयोगशाळेचा शिक्का. शिक्का मोठा असेल तर बरं.

घाई अशासाठी की मार्चअखेर मी इथे मोठी स्पर्धा भरवतोय. गावोगावचे पैलवान येणार आहेत.

डॉक्टरीण तशी वाईट नाही. चष्मा लावते. चिडली की काढते. हे आपलं उगाच सांगितलं.

तुझा
पिंप


९ फेब्रुवारी

प्रिय पिंपा,

टोमणा मी वाचवून ठेवलाय, पुढे लागेल.

मी काय काम करते हे आपल्या घरात कोणालाच माहीत नाही. 'ताई लाकडं फोडते' इथे सगळ्यांची गाडी थांबते. तर ऐक. आमच्या शेडमध्ये दुमजली उंचीचा एक लोखंडी मनोरा आहे. त्यात दोन रुळांमधून एक घण वर खेचतात. खाली दोन टेकूंवर तुळई आडवी ठेवायची, जाळीचं दार लावायचं, भोंगा वाजवायचा आणि आकडा सोडायचा. घण तुळईच्या मधोमध पडतो. मग दार उघडून मी कुसळं गोळा करते आणि तुळई कशी मोडली ते बघते. यासाठी मला पगार मिळतो. शेजारची खोली आमच्या साहेबांची. भोंगा वाजला की ते दोन्ही हातांनी चहाचा कप धरून बसतात.

आता तुझ्या वाक्याबद्दल. अर्धं खरं आहे. चांगलं, निरोगी लाकूड वर्षानुवर्षांच्या ओझ्यापेक्षा क्षणभराचं ओझं जास्त सोसतं. पण पडणारं वजन हे ठेवलेल्या वजनाएवढं नसतं, बाबा. आपले मोठे काका आठव. काकू त्याच खुर्चीवर बसायच्या आणि खुर्चीला पत्ताही लागायचा नाही. काका बसत नसत, पडत. किती खुर्च्या गेल्या? त्यांचं वजन काही दर वेळी वाढत नव्हतं. तुझी पोरं रोज संध्याकाळी माझ्या भावाच्या मजल्यावर काकांना टाकतात, आणि तू म्हणतोस दोन ओळी लिही.

आणि 'निरोगी' हा शब्द तू ऐकलाच नाहीस. त्या मजल्याखालच्या तुळया कुठल्या, कशा आहेत, कुठे ओल आहे का, मला काय ठाऊक? चौथऱ्याखालच्या तुळईचा तुकडा सुताराकडून काढून पाठव. तोवर सहीही नाही आणि शिक्काही नाही. शिक्का तसाही लहानच आहे.

तोवर वजनं सोडू नका, खाली ठेवा. माणसांसारखी.

ताई

ता. क. डॉक्टरीणबाईंच्या चष्म्याचा मजल्याशी काय संबंध ते कळलं नाही.


१८ फेब्रुवारी

ताई,

सोबत तुकडा पाठवतोय. चौथऱ्याखालच्या तुळईचाच आहे. सुताराला बोलावलं, फळ्या उचलल्या, कापला, जागेवर जोड दिला. सुतार म्हणाला, 'असं लाकूड आता बघायला मिळत नाही.' तू पण बघ आणि लगेच लिही.

वजनं खाली ठेवा म्हणालीस, मी पोरांना सांगून पाहिलं. एकाने ठेवायचा प्रयत्न केला, त्याच्या कमरेत उसण भरली. आता तो पण येत नाही आणि त्याची आई पण बोलत नाही.

डॉक्टरीणबाईंशी माझं बोलणं चालू आहे. रोज क्लास संपला की मी खाली जाऊन दिलगिरी व्यक्त करतो. शेजारधर्म. काल त्यांनी चहा विचारला. मी नको म्हटलं, मग घेतला. त्यांच्या पेशंटच्या खुर्चीवर बसलो होतो. ती खुर्ची मागे-पुढे, वर-खाली सगळीकडे होते. त्यांनी मला आडवं करून दाखवलं. मी वर बघितलं तर...

जाऊ दे. तुकडा बघ. शिक्का विसरू नकोस.

पिंप


२७ फेब्रुवारी

पिंपा,

तुकड्याचा अहवाल खालीलप्रमाणे.

मी त्याच्यावर घण टाकला. काही झालं नाही. घण आणखी वर नेऊन टाकला. तरी नाही. शेवटी मनोऱ्याच्या टोकापर्यंत नेला, तेव्हा कुठे तो करकरला, आणि मोडला तेही हट्टाने. ओली फांदी मोडताना लांबलांब कुसळं सोडते, तसा. यालाच आम्ही चांगलं मोडणं म्हणतो. असं लाकूड पडताना चार शिव्या देतं आणि खालच्यांना पळायला वेळ देतं. थोडक्यात, लाकूड पहिल्या दर्जाचं. त्यावर तू खुशाल हत्ती नाचव.

फक्त ते तुझ्या मजल्याचं नाही. ते आपल्या जेवणाच्या टेबलाचा पाय आहे.

तू रंधा मारून घेतलास, कडा चौकोनी करून घेतल्यास, सगळं केलंस. पण मी चौथीत असताना कर्कटकाने त्यावर 'पिंप' कोरलं होतं, आणि माझं अक्षर तेव्हापासूनच खोल आहे. जाळीमागून ते दिसलं तेव्हा मी हसत होते. नंतर हसू गेलं. मजला चांगला असता तर तू मजल्याचाच तुकडा पाठवला असतास. तू त्या खुर्चीत आडवा पडून वर बघितलंस आणि वाक्य तोडलंस. काय दिसलं तुला?

टेबल सध्या कशावर उभं आहे तेही कळव.

ताई


५ मार्च

मॅडम, नमस्कार.

आपली ओळख नाही. मी आपल्या बंधूंच्या खाली असते. दवाखाना या अर्थाने. त्यांना लिहिलेलं आपलं एक पाकीट पोस्टमनने चुकून माझ्या पेटीत टाकलं. उघडलं नाही, वर नेऊन दिलं, पण मागचा पत्ता वाचला. ते त्यांनी माझ्यासमोरच वाचलं, लाल झाले आणि म्हणाले, 'ताईने कौतुक केलंय.'

मला मजल्याची काळजी वाटते. एक सांगते. दवाखान्यात मी दिवसभर खाली, लोकांच्या तोंडात बघते. छताकडे बघतात ते माझे पेशंट. आणि ते काही सांगू शकत नाहीत, कारण माझे हात त्यांच्या तोंडात असतात. गेल्या महिन्यात एका आजींची कवळी बसवली, त्यांनी ती हलवून पाहिली आणि नव्या दातांनी पहिलं वाक्य बोलल्या: 'डॉक्टर, तुमचं छत ओलं आहे आणि खाली येतंय.'

मी स्टुलावर चढून पाहिलं. खुर्चीच्या बरोबर वर मोठा तपकिरी डाग आहे. वर न्हाणी आहे. बंधू म्हणतात, डाग जुना आहे. मी म्हटलं, दर आठवड्याला तो वयाने वाढत नाही, आकाराने वाढतोय.

त्यांना न सांगता मी सुताराला बोलावून छताची फळी काढली आणि डागाजवळच्या, वर चौथऱ्याखालून जाणाऱ्या तुळईच्या कडेचा लांब तुकडा कापून घेतला. सुताराने सुरी खुपसून पाहिली, म्हणाला, कडक आहे, काही झालेलं नाही. मलाही तसंच वाटलं. रंग किंचित फिका, एवढंच. दाताचंही कधीकधी असंच असतं म्हणून मन मानेना. सोबत पाठवत आहे.

बंधूंना कृपया कळवू नये. माणूस भला आहे. रोज क्षमा मागायला येतात आणि जाताना पुन्हा दणका देतात.

आपली,
खालच्या मजल्यावरची डॉक्टर


१२ मार्च

डॉक्टर,

दवाखाना आजच बंद करा. खुर्ची हलवता येत नसेल तर राहू द्या, माणसं हलवा.

कारण सांगते. तुमच्या तुकड्याचे मी दोन भाग केले. पहिला दाबयंत्रात घातला. हे यंत्र सावकाश, समजूत काढत दाबतं. तो छान टिकला. आमचे साहेब बाजूला उभे होते, म्हणाले, 'झालं की, पास. आता घण नको, मला पाहुण्यांशी फोनवर बोलायचंय.' त्यांनी हल्ली घणाच्या चाचण्या बंदच करायच्या ठरवल्यात. त्यांच्या मते हळू दाबून जे कळतं तेवढं पुरे. मनोरा काढून तिथे बैठकीची खोली करायची आहे, खुर्च्यांचा रंगही निवडून झालाय.

साहेब जेवायला गेल्यावर मी दुसरा भाग घणाखाली ठेवला. घण जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवरून सोडला. तुकडा खडूसारखा मोडला. ना करकर, ना कुसळ. दोन स्वच्छ तुकडे. मला वाटलं माझंच काही चुकलं, म्हणून उरलेल्या लांबीवर पुन्हा टाकला. पुन्हा खडू.

कूज सुरुवातीला अशीच असते. सुरीला कळत नाही, हळू दाबाला कळत नाही. रोजचं ओझं लाकूड मुकाट्याने वाहतं. त्याची पहिली जाते ती दणका गिळायची ताकद. तुमचा संशय बरोबर होता.

पिंपाला मी आजच लिहितेय. तुमचं नाव घ्यावं लागेल, माफ करा.

पिंपाची ताई


१२ मार्च

पिंपा,

डॉक्टरांनी खऱ्या तुळईचा तुकडा पाठवला होता. खडूसारखा मोडला. तुझी न्हाणी गळते आणि चौथऱ्याखालची तुळई कुजलीय. आज, आत्ता, चौथऱ्यावर कोणीही पाय ठेवायचा नाही. स्पर्धा रद्द. फोन केला होता, तू 'ताई, नंतर' म्हणून ठेवलास. म्हणून हे कुरियरने.

यात विनोद शोधू नकोस. मी घातलेला नाही.

ताई


१५ मार्च

ताई,

वा! छान. तुम्ही दोघींनी मिळून माझ्या पाठीमागे माझा मजला कापलात.

ती रोज मला चहा देत होती आणि रोज वर बघत होती. मला वाटायचं माझ्याकडे बघतेय. मी उंच आहे ना, म्हणून तशी चूक होते. ती छत बघत होती! तुला कळणार नाही मला कसं वाटलं ते.

आणि तू? सगळ्या गावांतून नावं आलीत, मंडप ठरलाय, पोरं वर्षभर घाम गाळतायत, आणि तू एका चिमूटभर लाकडावर हातोडा मारून सांगतेस रद्द. साधी गोष्ट आहे: आजवर हजारदा वजन पडलं. मजला पडला का? सुतार म्हणाला कडक आहे. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आलेलं तुझं पत्र दाखवलं, त्यात तुझ्या साहेबांनीही पास केलंय. तुझा साहेब शहाणा आहे.

डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद करून दारावर पाटी लावली: 'वरच्या कारणामुळे बंद.' वरच्या कारणामुळे! सगळे माझ्याकडे बोट दाखवून हसतात.

रविवारी सकाळी मी सगळ्यांना बोलावलंय. मालकीणबाई, सुतार, पोरं, त्यांचे आईबाप. चौथऱ्यावर उभा राहून मी स्वतः माझं सगळ्यात मोठं वजन उचलणार आणि सोडणार. मजला टिकला की तुझी माफी मी स्वीकारेन.

पिंप


२३ मार्च

ताई,

हात अजून नीट चालत नाही, अक्षर समजून घे. लागलेलं नाही. तसाच चालत नाही.

रविवारी सगळे आले. मालकीणबाई जिन्यात खुर्ची टाकून बसल्या. मी पट्टा बांधला, हाताला खडू चोळला. खडू चोळताना तुझं पत्र आठवलं, पण मी मनातच तुला गप्प बसवलं. चौथऱ्यावर गेलो. बारबेलशी वाकलो. तेवढ्यात गर्दीतून ती आली. चपला काढून ठेवल्या आणि सरळ चौथऱ्यावर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

मी म्हटलं, "अहो, बाजूला व्हा."

"का? तुम्हाला खात्री आहे ना?"

"आहे."

"मग मी इथे उभी राहिले तर काय बिघडलं? टाका."

तिने चष्मा काढला नव्हता, ताई. म्हणजे चिडली नव्हती. नुसती उभी होती, हाताची घडी घालून, बस यायची वाट बघावी तशी. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी दांडा धरला. ताई, हे वजन मी झोपेतसुद्धा उचलतो. त्या दिवशी ते जमिनीवरून हललं नाही. म्हणजे माझेच हात हलले नाहीत. मी खाली तिच्या पावलांकडे बघत होतो. फळीला एक बारीक भेग होती, तिच्या अंगठ्याजवळ. रोज बघायचो ती भेग. त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

मी दांडा सोडला आणि म्हटलं, "मला खात्री नाही."

मालकीणबाई म्हणाल्या, "मोठ्याने बोल, ऐकू आलं नाही." मी मोठ्याने बोललो.

आम्ही दोघं एकेक पाऊल टाकत खाली उतरलो. खाली म्हणजे रस्त्यावर. सगळ्यांना बाहेर काढलं. ती म्हणाली, "आता बघायचंच असेल तर माणसाशिवाय बघू." पोरांनी चौथऱ्यावर पाय न ठेवता छपराखालच्या लोखंडी सांगाड्याला कप्पी अडकवली, बारबेल दोराने वर घेतली, दोर खिडकीतून बाहेर आणला. मी रस्त्यावरून ओढला. छातीएवढ्या उंचीवर होती, जास्त नाही. सुतार खिडकीसमोरच्या झाडावर चढून बघत होता. तो म्हणाला सोड. मी सोडला.

तू लिहिलं होतंस करकर नाही. नव्हती. एक 'ठक्' आणि नंतर खालून भलताच मोठा आवाज. धूळ बसल्यावर आम्ही दवाखान्याच्या दारातून पाहिलं. चौथरा, फळ्या, माझी अर्धी न्हाणी, सगळं खाली. आणि बारबेल खुर्चीवर आडवी पडली होती. खुर्चीची पाठ नव्हतीच. जिथे पेशंट डोकं ठेवतात तिथे.

त्या वेळेला रविवारी सकाळी तिच्याकडे शाळेतली मुलं येतात, दातांच्या तारा घट्ट करायला. तू पत्र पाठवलं नसतंस तर त्या सकाळी आली असती.

टेबल सध्या विटांवर आहे. विचारलं होतंस.

ती माझ्यावर ओरडलीसुद्धा नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पिंप


३१ मार्च

प्रिय पिंपा,

तुझं पत्र मी शेडमध्ये उभ्याने वाचलं, मग बाहेर जाऊन जरा वेळ मोकळ्या हवेत बसले. सोबतच्यांना वाटलं डोळ्यात भुसा गेला. तसंच समजू दे.

तुझे हात हलले नाहीत, याची तुला लाज वाटतेय हे अक्षरावरून दिसतं. वाटून घेऊ नकोस. आयुष्यभर तू जे जे उचललंस, त्यातलं मला एकही कधी आवडलं नाही. तू जे उचललं नाहीस तेवढंच आवडलं. आता याच्यावर रडू नकोस, मलाही वेळ नाही.

टोमणा मारायचा राहिला होता ना? मारत नाही. पुढच्या वेळेसाठी दोन झाले.

इकडची बातमी. तुमच्या मजल्याची हकीकत मी साहेबांना सांगितली. आधी ते भडकले, परवानगीशिवाय घण का वापरला म्हणून. खुलासा मागणारा कागदही टाइप करून झाला. मग मी मोडलेले दोन्ही खडू त्यांच्या टेबलावर ठेवले आणि दाबयंत्राचा पास झालेला तुकडा शेजारी. म्हटलं, "साहेब, हे तिन्ही एकाच तुळईचे. यातला कोणता तुमच्या मुलाच्या डोक्यावर हवा?" ते बराच वेळ तुकडे उलटेसुलटे करत राहिले. कागद त्यांनी खणात टाकला. परवा बाहेरच्या पाहुण्यांसमोर ते म्हणाले, 'आमच्या प्रयोगशाळेत आम्ही घणाच्या चाचणीवर नेहमीच भर देतो.' 'नेहमीच' म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. मनोरा राहिला. बैठकीची खोली आता जिन्याखाली होणार आहे.

आता तुझं. वजन पडणार असेल तर ते जमिनीवर पडू दे. पायाखाली माती असलेली जागा घे. तो मजला दुरुस्त होईल तेव्हा त्यावर कोणी तरी शांत बसणारा भाडेकरू जाऊ दे. दातांचा दवाखाना वरच्या मजल्यावर असू नये असा काही नियम मला माहीत नाही. आणि न्हाणी नळवाल्याला बांधू दे, हात जोडते.

डॉक्टर ओरडल्या नाहीत म्हणून तू घाबरलायस. जा आणि बोल. मजल्याबद्दल नको. मजला पडून गेला, त्याच्यावर बोलण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

ताई


१९ जून

प्रिय ताई,

आधी मॅडम लिहिलं होतं, मग खोडलं. का ते पुढे येईल.

मजला तयार झाला. तुम्ही सांगितलं होतं तसं प्रत्येक नव्या तुळईचा तुकडा तुमच्याकडे आला, तुम्ही तो मोडलात, आणि 'चांगला मोडला' असं कळवलंत. मी आता वर आहे. उजेड भरपूर येतो. तुमचे बंधू खाली, मातीवर. दणके अजून बसतात, पण ते जमिनीत जातात. स्पर्धाही झाली, मे महिन्यात, खालीच. तुमचे बंधू तिसरे आले. म्हणतात, परीक्षकांना चढली होती.

मुद्द्याचं. गेले तीन महिने ते एका बाजूने जेवत होते. मी विचारलं की म्हणायचे, सवय आहे. परवा शेवटी गाल सुजला तेव्हा कबूल केलं: त्या रविवारी दोर सोडला, आवाज झाला, तेव्हा त्यांनी दात इतके आवळले की मागची दाढ चिरली. कोणाला सांगितलं नाही. म्हणाले, "तुमची खुर्ची गेली, मी एका दाढेचं काय सांगत बसू?"

मी त्यांना नव्या खुर्चीत झोपवलं. एवढा मोठा माणूस, पण सुई बघून घामाघूम. गाल बधिर केला, दोन्ही बाजूंना कापूस भरला, हातात पक्कड घेतली. आणि नेमकं तेव्हा त्यांनी बोलायला सुरुवात केली. भलं मोठं वाक्य होतं. मला ऐकू आलं ते असं: "आअं... ऊई... आऱ्याऊ... अअशी ऑ?"

मी म्हटलं, "दाढ काढते, चूळ भरा, मग बोला."

दाढ काढली. त्यांनी चूळ भरली. पुन्हा भरली. तिसऱ्यांदा भरली, तेव्हा मला कळलं की धीर गेलाय. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वारा छान येतो इथे."

"येतो," मी म्हटलं.

"पंखा लागतच नसेल."

"नाही लागत."

मग ते उठले, आरशात गाल बघितला, दारापर्यंत गेले. पायात चपला घालताना डावी उजव्यात घातली. ताई, मी रोज माणसांच्या तोंडात बोटं घालून त्यांच्याशी बोलते. कापूस भरलेल्या तोंडातून कोण काय म्हणतंय ते ओळखणं हे माझं निम्मं काम आहे. मला शब्दन् शब्द कळला होता.

मी म्हटलं, "हो."

ते वळले. "काय हो?"

"तुम्ही चूळ भरायच्या आधी जे विचारलंत त्याला."

ते तिथेच जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. बसले म्हणजे, तुमच्या काकांसारखे. जिना हलला. मी आधी जिना बघितला, मग त्यांना.

तुमची होणारी भावजय